सतरा नंबरचा जोड

जेवढं घालावं तेवढंच निघावं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. पुलावर हजार किलो ठेवले तर पुलाच्या पायांतून जमिनीत हजारच किलो उतरले पाहिजेत. मधल्या मधे लोखंड काही खात नाही आणि पदरचं काही घालतही नाही. संगणकाने कितीही रंगीत चित्रं काढू देत, आधी ही बेरीज बघायची आणि मग चित्र. बेरीज चुकली तर चित्र कितीही देखणं असो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

ऑफिसात सगळे तिला जाळीबाई म्हणत. कामच तसं होतं. क्रेनचा हात असो, पाण्याची टाकी असो की पूल, संगणकात त्या वस्तूवर जाळी टाकायची, तिचे हजारो बारीक चौकोन पाडायचे आणि एकेकाला विचारायचं, बाबा रे, तुझ्यावर किती ताण आहे? तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि विहिरीवरची कुजबुज गावभर व्हावी तसा आकडा पसरत जातो. शेवटी चित्र उमटतं. निळं म्हणजे निवांत, पिवळं म्हणजे दमलेलं, आणि लाल म्हणजे जीव मेटाकुटीला आलेला.

पण लालातही एक खोटा लाल असतो. दोन पत्रे जिथे काटकोनात भिडतात त्या टोकदार कोपऱ्यात गणिताचं डोकं फिरतं. जाळी बारीक करावी तसा तिथला आकडा चढतो. आणखी बारीक केली की आणखी चढतो, आणि थांबायचं नावच घेत नाही. म्हणून ऑफिसचा नियम होता: कोपऱ्यातला लाल बघायचा नाही, दोन चौकोन सोडून पलीकडचं बघायचं. नव्याने लागलेल्यांना ती स्वतःच शिकवायची, "कोपऱ्यातलं भूत आहे ते. आपण त्याच्याकडे बघितलं नाही की तेही आपल्याकडे बघत नाही."

पोरं हसायची. तीही हसायची.

या खेपेला तिच्या टेबलावर आलेला पूल ओळखीचा होता. ओळखीचा कसला, घरचाच म्हणायचा. कालव्यावरचा, पायी जाणाऱ्यांसाठीचा लोखंडी पूल. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा. अडतीस वर्षांपूर्वी तो उभा राहिला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि तो जोडणाऱ्या चार वेल्डरांपैकी एक तिचे बाबा होते. जोड पुरा झाला की वेल्डरने तिथे आपला नंबर ठोकायचा अशी रीत. पोलादी ठसा आणि त्यावर हातोड्याचा एकच घाव. बाबांचा नंबर सतरा. पुलाच्या ऐन मध्यावरचा एक जोड त्यांचा होता. तो होता पायाखाली, आडव्या तुळईच्या बगलेत. ठसा मात्र वर, कठड्याच्या पट्टीवर, तपासायला येणाऱ्या साहेबांना दिसेल असा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आई बाजारातून येता-जाता त्या सतरावर बोट फिरवायची, आणि घरात कामं करताना स्वतःच जुळवलेली एक ओवी गुणगुणायची:

*पूल माझ्या धन्यानं गं लोखंडाचा विणीला,*
*सतराव्या टाक्यापाशी त्यानं जीव ठेविला.*

कानाला इतकी गोड लागायची की तिचा अर्थ बघायची कधी गरजच पडली नव्हती.

पूल तीन महिने बंद होता. नवा रंग, नव्या फळ्या, सगळं झालं होतं. सोमवारी शाळा उघडायची आणि चारशे मुलं पुन्हा त्यावरून जायची. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक दाखला द्यायचा होता: पूल सुरक्षित आहे. खाली सही जाळीबाईंची.

मंगळवारी तिने पहिल्यांदा गणित चालवलं. पुलावर माणसांची पूर्ण गर्दी ठेवली. चित्र छान आलं, निळं-हिरवं. मध्यावरच्या एका कोपऱ्यात लाल ठिपका होता. तो खोटा म्हणून तिने सोडला. मग बेरीज बघितली. त्यांच्या धंद्यात वजन न्यूटनमध्ये मोजतात, किलोला साधारण दहा न्यूटन. घातले होते चार लाख बारा हजार. निघाले चार लाख बारा हजार पाचशे तीस.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे साठीला टेकलेला, पोटाने पुढे आणि मनाने मऊ माणूस. कुठलीही चूक दाखवली की म्हणायचे, "अहो, हे तर दशांशातलं काम!" म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांचं नाव पडलं होतं दशांश.

"चार लाखांत पाचशे तीस?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जाळीबाई, हे तर दशांशातलं काम. सोडा."

"सर, गणित घसरलं तर दर वेळी वेगळं घसरतं. मी सहा वेळा चालवलं. सहाही वेळा पाचशे तीस जास्त."

"म्हणजे सातत्य आहे. सातत्य हा गुण असतो. आमच्या सुनेत नाही, निदान पुलात तरी आहे."

ती हसली, पण कागद घेऊनच परतली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तिने एक उद्योग केला. पुलावरची गर्दी काढून टाकली. वारा काढला. लोखंडाचं स्वतःचं वजनसुद्धा शून्य करून टाकलं. आता संगणकातला तो पूल म्हणजे नुसता मनातला विचार, ज्याला पिसाचाही भार नाही. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं, शेजारी कोणीतरी फोनवर घराच्या चाव्या कुठे ठेवल्या ते सांगत होतं. तिने गणित चालवलं. घातलं शून्य, म्हणजे निघायलाही शून्यच हवं होतं.

निघाले पाचशे तीस.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. पाचशे तीस न्यूटन म्हणजे चोपन्न किलो. रिकाम्या पुलावर चोपन्न किलोचं काहीतरी होतं.

चोपन्न तिला पाठ होतं. बाबांचं शेवटचं दुखणं चाललं होतं तेव्हा औषधाची मात्रा ठरवायला दर आठवड्याला त्यांचं वजन करायचे. एके काळचा पंचाहत्तर किलोचा गडी हळूहळू उतरत गेला. शेवटच्या चिठ्ठीवर परिचारिकेने लिहिलं होतं, चोपन्न. त्यानंतर वजन करायची वेळ आली नाही.

'चोपन्न काय, बटाट्याचं पोतंही भरतं,' तिने स्वतःला दटावलं. आणि वाकलेल्या पुलाचं चित्र उघडलं.

हे चित्र हजार पटींनी फुगवून बघता येतं, म्हणजे केसाएवढा वाकही हातभर दिसतो. वस्तीच्या बाजूला, पायऱ्या संपतात तिथे पुलाला एक लहानशी खळगी पडली होती. गादीच्या कडेला कोणी टेकलं की पडते तशी. तिने काहीही न बदलता गणित पुन्हा चालवलं. खळगी पुढे सरकली होती. पुन्हा चालवलं, आणखी पुढे.

तिने कोरा कागद घेतला, त्यावर पूल आखला आणि दर खेपेला पेन्सिलीने एक टिंब देत गेली. अकरा टिंबं झाली. त्यांतली अंतरं सारखी नव्हती. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. बाबा एकदा कामावर उंच बांधलेल्या माचावरून पडले होते. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नसे, आणि त्यांच्या चपलांचा आवाज घरात असाच यायचा.

अकरावं टिंब पुलाच्या मध्यावर पडलं. नंतर कितीही वेळा चालवलं तरी ते हललं नाही.

तिने तिथली जाळी बारीक केली. खळगी एक नव्हती, दोन होत्या, पावलाएवढ्या, शेजारी शेजारी. डाव्या पावलाखाली तीनशे साठ, उजव्या पावलाखाली एकशे सत्तर. दुखरा पाय सांभाळून उभा राहिलेला माणूस असाच उभा राहतो. आणि त्या दोन पावलांच्या बरोबर खाली, तुळईच्या बगलेत, तो सोडून दिलेला लाल ठिपका होता.

कोपऱ्यातल्या भुताकडे तिने पहिल्यांदा नीट बघितलं.

एक गोष्ट तिला ठाऊक होती. संगणकाला वेल्डिंग दिसत नाही. नकाशात जोड पक्का लिहिलेला असला की जाळीत दोन पत्रे एक होतात, जसे काही जन्मतःच एक होते. जोडणाऱ्याचा हात कसा चालला हे जाळीला कधी कळतच नाही. ते फक्त जोडणाऱ्याला ठाऊक असतं.

संध्याकाळी घरी आली तर आई ओट्याशी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

"आई, बाबा त्या पुलावरून कधी गेले नाहीत ना?"

"गुडघा होता ना त्यांचा. पायऱ्या झेपायच्या नाहीत."

"आणि वळसा घालून दोन मैल चालायला झेपायचं?"

"तुझा बाप होता तो. सरळ कधी चालला?" आईने एक शेंग दाताने फोडली. "सोमवारी मला ने हं पुलावर. नव्या रंगात सतरा बुजला नाही ना, बघायचंय."

"बुजला तर बुजू दे की."

आईने पुढची शेंग घेतली. नुसते वाटाणे ताटलीत पडत राहिले, टप, टप.

तिला आठवलं ते वेगळंच. ती दहा वर्षं त्या पुलावरून शाळेत गेली होती. रोज सकाळी मुलं पुलावरून जायची तेव्हा बाबा खाली कालव्याच्या काठाला उभे असायचे. मान वर करून, आणि दोन्ही हात कोपरातून जरासे उचललेले, ओंजळ धरावी तसे. पावसापाण्यातसुद्धा. लोक चेष्टा करायचे, "काय मिस्त्री, पूल पकडताय का?" बाबा म्हणायचे, "हो, निसटायचा एखादे वेळी." सगळे हसायचे. आपलं काम बघायला उभा राहतो म्हणायचे, हौशी माणूस!

गुरुवारी तिने जुनं सगळं पुसून टाकलं आणि मूळ नकाशे घेऊन पूल पहिल्यापासून नव्याने उभा केला. एकेक तुळई, एकेक पट्टी. वजन काहीच ठेवलं नाही. पहिल्याच खेपेला बेरीज आली पाचशे तीस. या वेळी त्याने चालायचीही तसदी घेतली नव्हती. तो तिथे आधीच उभा होता.

ती उठली आणि पुलाकडे निघाली.

भर दुपार होती. रंगारी जेवायला गेले होते. आडवं लावलेलं लाकूड ओलांडून ती पायऱ्या चढली. राखाडी रंगाचा वास, तापलेलं लोखंड आणि खाली कालव्याचं संथ, हिरवट पाणी. सावली कुठेच नव्हती. ऊन इतकं उभं होतं की तिची स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपली होती. इतक्या उजेडात भीती वाटायला माणसाला लाजच वाटते, तरी तिला वाटली.

मध्यावर आल्यावर तिने कठड्याच्या पट्टीवर हात फिरवला. रंगाखाली सतरा होता. एक आणि सात, एकाच घावात ठोकलेले. ती तिथे थांबली. पूल गप्प. आणि मग पायाखालची फळी किंचित दबली आणि पुन्हा वर आली. ती स्वतः हलली नव्हती. आपण उभे असताना शेजारच्या माणसाने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला की हलते, तशी ती फळी हलली होती.

खिशातला फोन वाजला आणि ती दचकली. साहेब होते.

"जाळीबाई, कुठे आहात?"

"पुलावर, सर."

"बरं. ऐका. तुमचा तो पूल मी माझ्या संगणकावर उघडला. सगळी वजनं काढली. म्हटलं, जेवायच्या आधी तुमच्या भुताचा एकदाचा निकाल लावून टाकू."

"मग?"

पलीकडे खुर्ची करकरली. "तुमचं वजन किती?"

"सर, बायकांना असं विचारतात का?"

"सांगा हो."

"एकसष्ट."

पलीकडे कळफलकावर बोटं वाजली. मग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग हे तुम्ही नाही." आणि लगेच, "तुम्ही आधी तिथून खाली उतरा बघू."

दशांशाचं नाव त्यांनी काढलं नाही.

ती ऑफिसात परत न जाता थेट घरी आली. आई दारातच बसली होती, कपड्यांच्या घड्या घालत.

"आई, सतरा नंबरच्या जोडात काय आहे?"

आईचे हात थांबले. "कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणीच नाही. बाबा तिथे उभे आहेत."

आई घाबरेल, देवाचं नाव घेईल, निदान आपल्याला वेड्यात तरी काढेल असं तिला वाटलं होतं. आईने फक्त मान वर केली.

"अजून?" ती म्हणाली.

मग तिने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला आणि सांगायला लागली. आवाज शांत होता. फार दिवस झाकून ठेवलेल्या भांड्यावरचं झाकण काढावं तशी ती बोलत होती.

"दवाखान्यात सांगितलं मला. शेवटच्या आठवड्यात. पत्रा आखूड आला होता म्हणे, बोटभर फट राहिली होती. खरं तर पत्रा बदलायचा, नाहीतर थरावर थर देत ती फट भरत आणायची. दोन दिवसांचं काम. तेही माचावर उताणं पडून, ठिणग्या गळ्यात झेलत. तर यानं काय केलं, वेल्डिंगच्या रॉडचे तुकडे तोडले, फटीत कोंबले आणि त्यावरून एक देखणा थर ओढला. त्या वेळचा साहेब आला, बघून म्हणाला, वा मिस्त्री! आणि यानं ठसा ठोकला."

"पण का? बाबांसारख्या माणसानं?"

"मीही तेच विचारलं. कोणी धमकी दिली का, घाई होती का, घरचं काही होतं का. म्हणाला, काही नाही ग. त्या दुपारी मला कंटाळा आला होता." आईने सदऱ्याची बाही सरळ केली. "एवढंच. मोठं कारण असतं तर त्यानं स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. कंटाळ्याला कुठली माफी?"

तिच्या डोळ्यांपुढे ते कोपरातून उचललेले हात आले. दहा वर्षं, रोज सकाळी. आपली पोर वरून चाललीय आणि हा खाली ओंजळ धरून उभा.

"आणि तू? सहा वर्षं तुला ठाऊक होतं. चारशे मुलं जातात त्यावरून!"

"जातात." आईने मान खाली घातली. "रोज बोट फिरवत होते ते काय कौतुकानं? जोड खाली, तिथं हात पोचायचा नाही; भेग वर चढली तर लागेल म्हणून ठशापासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत बोट न्यायचे. लागली की सांगायचं ठरवलं होतं. पूल रोज उभा असायचा. रोज वाटायचं, आज नको. गेलेल्या माणसाचं नाव आपल्या तोंडानं कसं घालवायचं?"

"मी आता सही केली नाही तर तो जोड कापतील, आई. आतलं सगळं बाहेर येईल. लोक बाबांचं नाव घेतील."

"नाव तिथं ठोकलेलंच आहे. तेच धरून उभा आहे तो." आईने तिचा हात हातात घेतला. त्या हाताला साबणाचा वास होता. "दुखऱ्या पायावर उभा आहे ग, इतकी वर्षं. उतरव त्याला."

शुक्रवारी सकाळी तिने दाखला लिहिला नाही, अहवाल लिहिला. मध्यावरचा सतरा क्रमांकाचा जोड उघडून तपासल्याशिवाय पूल सुरू करू नये. कारण म्हणून काय लिहावं यावर पेन अडलं. शेवटी तिने लिहिलं, "जोडणाऱ्याच्या कुटुंबाकडून मिळालेली माहिती." साहेबांनी कागद वाचला, तिच्या सहीशेजारी स्वतःची सही केली आणि दुपारभर शिव्याशापांचे फोन स्वतः घेतले. सोमवारचं उद्घाटन होतं, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. वस्तीतही बोलणं सुरू झालं. पाण्याच्या टाकीशी एक शेजारीण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "बापाच्याच कामात खोट काढते. शिकून हेच शिकली." तिने बादली भरली आणि ती निघून आली. ती बादली तिला कधी नव्हे इतकी जड लागली.

शनिवारी तपासनीस आला. लांबुडक्या चेहऱ्याचा, अबोल माणूस, हातात दोन फवाऱ्यांचे डबे. माचावर उताणं पडून त्याने तो जोड खरवडून रंग काढला. आत बाबांचा थर दिसला. अडतीस वर्षांनंतरही देखणा, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. तपासनीस नकळत बोलून गेला, "काय हात होता हो!" तिला क्षणभर वाटलं, नसेलच काही. सगळे चुकले असतील, आई, आपण, बाबासुद्धा.

त्याने पहिल्या डब्यातला लाल रंग फवारला, थोडा वेळ थांबून तो स्वच्छ पुसला आणि दुसऱ्या डब्यातली पांढरी भुकटी मारली. भेग असली की आत शिरलेला लाल त्या पांढऱ्यावर उमटतो. ते दोघं बघत राहिले. पांढरं पांढरंच होतं. मग एका टोकाला टाचणीएवढा ठिपका आला. तो लांबला. केसासारखी एक रेघ, बारीक, लाल, थराच्या कडेकडेने वीतभर सरकत गेली आणि थांबली.

तिने इतकी वर्षं हजारो लाल बघितले होते. हा लाल ओला होता.

"आणखी एक उन्हाळा काढला असता की नाही, सांगता येत नाही," तपासनीस म्हणाला, आणि आपले डबे आवरू लागला.

दुपारी ग्राइंडर लावून जोड उघडला. आतून रॉडचे तुकडे खाली पडले, एकेक करून, माचाच्या फळीवर वाजत. सात होते. करंगळीएवढे, एका दुपारच्या कंटाळ्यात तोडलेले. तिने त्यातला एक उचलून पदरात गुंडाळला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवा पत्रा आला, नवा वेल्डर आला. तो दोन दिवस उताणा पडून थरावर थर देत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपला ठसा ठोकला, जुन्या सतराच्या शेजारी. सतरा तसाच राहू द्यायचा, असं तिनेच सांगितलं होतं. हातोड्याचा आवाज कालव्यावरून लांबवर गेला.

तेव्हा ती पुलाच्या पायथ्याशी दगडावर बसली होती, मांडीवर संगणक घेऊन. घाव ऐकला आणि तिने रिकाम्या पुलाचं गणित चालवलं. खळगी मध्यावर नव्हती. वस्तीच्या दिशेने चार पावलं सरकली होती. पुन्हा चालवलं. आणखी सरकली. ती टिंबं देत गेली, एक लांब, एक आखूड, आणि मान वर करून पुलाकडे बघायचं मात्र तिने टाळलं. शेवटचं टिंब पायऱ्यांपाशी आलं, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिने श्वास रोखला. शेजारून कोणीतरी सावकाश, कठड्याला धरून उतरत असावं एवढा वेळ तिने जाऊ दिला.

मग एकदा चालवलं. घातलं शून्य, निघालं शून्य.

असली बेरीज पुन्हा करून बघायचा तिचा शिरस्ता. या वेळी तिने ती पुन्हा केली नाही.

पूल दहा दिवस उशिरा उघडला. पाहुणे आले नाहीत, फीतही कापली नाही. सकाळी मुलं आली आणि आडवं लाकूड काढताच धडधडत पळत सुटली. आई त्यांच्या मागोमाग, कठडा धरून, हळूहळू चढली. मध्यावर थांबली. दोन्ही ठशांवरून तिने बोट फिरवलं आणि काहीतरी पुटपुटली. वाऱ्यावर अर्धंच खाली ऐकू आलं:

*…उसवूनी एक टाका, जीव घरी आणिला.*

मग तिने वाकून खाली कालव्याच्या काठाकडे बघितलं आणि तिथे उभी असलेली लेक तिला दिसली. वरून आवाज आला, हसू आणि रडू दोन्ही मिसळलेला.

"काय ग, पूल पकडतेस का?"

तिने आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात कोपरातून उचललेले होते, ओंजळ धरावी तसे. ते कधी वर आले हे तिला कळलंच नव्हतं. पुलावर अजून मुलं होती. शेवटचं मूल पलीकडे उतरेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.